रामाने आंबा खाल्ला

गुरुवार, रात्र

आज क्लास नऊला संपला. ‘क्लास’ म्हणायचं आपलं. पंचवटीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत चटई, तिच्यावर खालच्या मजल्यावरचा दहावीतला मुलगा आणि त्याची सातवीतली बहीण. फी नाही, त्यांची आई अधूनमधून चिवड्याचा डबा पाठवते, म्हणजे अगदी फुकटही नाही.

मुलाला इंग्रजीच्या व्हॉइसचा, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हचा गृहपाठ होता. आधी ‘रामाने आंबा खाल्ला’ याचं इंग्रजी कर म्हटलं, तर पठ्ठ्यानं लिहिलं, ‘द मँगो वॉज ईटन बाय राम.’ मी लाल पेन उचललं.

“काकू, ‘ने’ म्हणजे ‘बाय’च ना? आणि हा कर्मणी प्रयोग आहे, मराठीच्या बाईंनीच सांगितलंय.”

पेन हातातच राहिलं. एका तासाला शिकलेलं त्यानं दुसऱ्या वहीत इमानेइतबारे वापरलं होतं. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की आपल्याकडे ते कर्त्याला सोडतं आणि कर्माच्या मागे जातं. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. खाणारा राम तोच. सांगायचं असतं मात्र रामाबद्दलच, म्हणून इंग्रजीत सरळ ‘राम एट अ मँगो’. पॅसिव्ह करायचं तर ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’, आणि असं घरात कोण बोलतं?

हे सगळं मला तेव्हा असं नीट सांगता आलं नाही. अडखळत मी एवढंच विचारलं, “‘मी भाकरी खाल्ली’, यात ‘ने’ कुठाय?” तो गप्प. मग हसायला लागला. “‘तू’लापण नाही लागत काकू!” मी दहावीला व्हॉइस घोकून पाठ केला होता, मार्कही मिळाले होते. हा प्रश्न मात्र मला कधी पडलाच नव्हता.

इंग्रजी कवितेच्या अप्रिसिएशनचं, म्हणजे रसग्रहणाचं रडगाणं नेहमीचंच. गाइडमधला उतारा जसाच्या तसा, राइम स्कीमसकट. पर्सॉनिफिकेशनची व्याख्या तोंडपाठ, पण कवितेत दाखव म्हटलं की डोळे छताकडे. “अरे, चेतनगुणोक्ती!” म्हटल्यावर चेहरा उजळला, ती मराठीतून ओळखीची ना. निर्जीवाला माणसासारखं वागायला लावायचं, एवढंच. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती चढलंय ते बघत लोक नदीलाच म्हणतात, ‘गंगामाई चिडलीय’, तीच ही. मग दोन ओळी त्यानंच शोधल्या. तिसरी चुकली, तरी मी खोडली नाही.

धाकटीला आर्टिकल. ‘अ’ आणि ‘द’ कहाणीनं भागलं: आटपाट नगरात एक राजा होता, तो ‘अ’, त्या राजाला दोन राण्या, इथे ‘द’. पुढे गाडी अडली. नदीला ‘द’ लागतो, म्हणून ‘द गोदावरी’. मग ती जिथे उगम पावते त्या ब्रह्मगिरीला का नाही? सुट्या डोंगराला लागत नाही, रांगेला लागतो, असं सांगितलं. का, ते मलाही ठाऊक नाही. तशीच आहे ती भाषा.

चपला घालताना तिनं विचारलं, “मग दुतोंड्या मारुतीला?”

नुसत्या मारुतीला नाही. पण ‘दोन तोंडांचा’ असं इंग्रजीत म्हणायचं झालं तर लागेल बहुतेक. उद्या सांगते म्हटलं.