आमची वाटचाल: आधी काटा, शेवटी बँक

घरगुती उद्योग सुरू करणाऱ्या बाईला गोव्यात पहिला सल्ला मिळतो तो कर्जाचा. योजना आहे, सबसिडी आहे, अर्ज टाक. आमच्याकडे बँक सगळ्यांत शेवटी येते. आधी काटा, मग वही, मग लेबल. फोंड्यातल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आमची सल्लासेवा उभी राहिली ती याच क्रमावर, आणि बंद पडायला आली तीही त्याच्याच पायी.

येणाऱ्या बहुतेक जणी कोकम सरबत, मसाला, लोणचे, पापड नाहीतर फणसाची साठे करणाऱ्या. पहिल्या बैठकीत नफ्याचा विषय आम्ही काढतच नाही. एक किलो मिरची आणायची, देठ काढायचे, भाजायची, दळून आणायची आणि प्रत्येक टप्प्याला वजन लिहायचे. घट हातात आल्याशिवाय भाव ठरवणे म्हणजे डोळे मिटून माप घालणे. गॅसचेही तसेच. ‘साधारण पन्नास रुपये’ हा आकडा आमच्या वहीत चालत नाही. पन्नास किलोच्या लटकत्या काट्यावर सिलिंडर घाण्याआधी आणि घाण्यानंतर तोलायचा, फरकाला गॅसच्या किलोमागच्या भावाने गुणायचे. १४.२ किलो गॅसचा भाव पावतीवर असतोच, त्याला १४.२ ने भागायचे. विक्रीच्या मालासाठीचा काटा मात्र वेगळा, वैधमापन खात्याचा शिक्का असलेला. इलेक्ट्रॉनिक काट्याचा शिक्का दरवर्षी नवा करावा लागतो, हे काटा विकणारा सहसा सांगत नाही.

पुढचा घोळ टक्केवारीचा. एका पाकिटाला स्वतःच्या मजुरीसकट १०० रुपये खर्च येतो, त्यावर २५ टक्के चढवून एमआरपी १२५ लिहिली जाते. दुकानदार आपले २५ टक्के मागतो ते एमआरपीवर, म्हणजे ३१ रुपये २५ पैसे. हातात उरतात ९३.७५. प्रत्येक पाकिटामागे सव्वासहा रुपये घरचे घालून बाई ‘खप चांगला आहे’ म्हणते, आणि जितका खप चांगला तितके जास्त जातात. १०० खर्चावर २० हवे असतील तर दुकानाला माल १२० ने पडला पाहिजे, आणि १२० ला ०.७५ ने भागून एमआरपी १६० येते. हा भाव ऐकून बाया घाबरतात. भाव परवडत नसेल तर पाकीट लहान करावे, मजुरी खोडू नये.

ही सगळी रीत घासूनपुसून नीट झाली ती वाळपईच्या काकींच्या सरबतावर. मे महिन्यात भरलेल्या बाटल्यांची झाकणे जून लागला की उडायची. चव उत्तम, साखर ‘भरपूर’. पण भरपूर म्हणजे किती? फळांच्या सिरपमध्ये विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः विरघळलेली साखर, किमान ६५ टक्के हवेत; हीच टक्केवारी ‘ब्रिक्स’ म्हणून मोजतात. त्याखाली उतरले की यीस्टला जगायला जागा मिळते, बाटलीत वायू धरतो आणि झाकण सुटते. मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, आणि इथे हमखास चुकीची खरेदी होते. स्वस्त मिळतो तो ० ते ३२ ब्रिक्सचा. तो फळांच्या रसाला ठीक, पाकाला निरुपयोगी. ५८ ते ९० ब्रिक्सचा घ्यावा. थेंब गार होऊ द्यावा, गरम पाक थेट काचेवर घातला तर आकडा खाली दाखवतो. भिंग प्रत्येक वेळी पुसावे. दुसरे कारण बाटलीत होते. धुतलेल्या बाटल्या उलट्या ठेवून पुरत्या सुकवल्या नाहीत तर गळ्याशी राहिलेले पाणी वरच्या थराला पातळ करते आणि आंबणे तिथूनच सुरू होते. खाली ६५ असूनही वर आंबलेले, म्हणून कारण कोणाला सापडत नव्हते. काकींनी पुढच्या हंगामात एकही बाटली परत घेतली नाही. आमच्या पडत्या काळात फी आगाऊ देऊन खुर्चीवर बसणाऱ्या त्याच एकट्या.

पडता काळ आणला तो तालुक्यात उघडलेल्या एका प्रशिक्षण संस्थेने. लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली, आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. अन्नसुरक्षेच्या मूळ नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. या दोन कागदांना प्रकल्प अहवाल जोडून त्यांनी ‘पॅकेज’ केले आणि हजारो रुपयांना विकले. वर हॉटेलच्या सभागृहात प्रमाणपत्र, फोटो आणि ‘३५ टक्के सबसिडी’चे वचन. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख, हे खरेच होते. पण ते पैसे बाईच्या हातात पडत नसत. बँकेत वेगळे राहायचे आणि तीन वर्षांनी, खाते नियमित असेल तर, कर्जात वळते व्हायचे. तोवर हप्ता चालूच. हे आम्ही सांगायचो, म्हणून आम्ही ‘नकारात्मक’ ठरलो. काट्यासाठी येणारे फोन थांबले, छापून घेतलेल्या वह्या तशाच पडून राहिल्या, खोली भाड्याने देण्याची बोलणीही झाली.

त्या संस्थेच्या पुस्तिकेतला खर्चाचा तक्ता आमचा आहे. गॅसच्या रकान्यात नमुन्याला ३७ रुपये छापलेत, ते काकींच्या चुलीवरच्या एका घाण्याचे. आजही तसेच आहेत. सिलिंडरचा भाव इतक्यांदा बदलला, तरी त्यांचा घाणा ३७ रुपयांतच शिजतो!

बाया परत आल्या त्या बँकेने अर्ज फिरवल्यावर. आपल्याकडे घर बहुधा आजेसासऱ्यांच्या नावावर, इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) झालेली नाही, वीजबिल तिसऱ्याच्याच नावावर. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असल्याने तारण ठेवताना दोघांच्या सह्या लागतात. प्रकल्प अहवाल कितीही गुळगुळीत असो, जागेचा कागद नसला की फाईल तिथेच बसते. आम्ही म्हणूनच घराच्या नावावर असलेल्या सगळ्यांची ना-हरकत पहिल्या महिन्यातच घ्यायला लावतो. भावजयीची सही चतुर्थीला सगळे घरी जमतात तेव्हा सोपी पडते.

त्यानंतरची वर्षे ठीक गेली.

फी आता टप्प्याने घेतो: खर्चाची वही, लेबल, जागेचे कागद, मग बँक. कर्जाच्या रकमेवर टक्केवारी घेत नाही. ती घेणारा सल्लागार कर्ज मोठेच करणार.

लेबलबद्दल एवढेच. उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह एमआरपी, ग्राहक तक्रारीचा फोन, अन्नसुरक्षेचा १४ अंकी नोंदणी क्रमांक, हिरवा ठिपका आणि वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक. काजू असेल तर अ‍ॅलर्जीची सूचना वेगळ्या ओळीत. चतुर्थीला माल बाजारात हवा असेल तर हा मजकूर जूनमध्ये प्रेसवर द्यावा. श्रावणात प्रेसवाला ‘उद्या देतो’ म्हणतो, आणि मुद्रितशोधनाचा कागद न दाखवताच छापून टाकतो.