लूझ हिल ते मॅम टॉर: चालण्याच्या हक्काची डोंगरधार

मँचेस्टर आणि शेफील्ड, एक कापडगिरण्यांचं शहर आणि दुसरं पोलादाचं. या दोघांच्या मध्ये पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर आहेत. १९५१ साली ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान इथे झालं. उद्यानाच्या हद्दीत गावं आहेत, मेंढ्यांची कुरणं आहेत, सिमेंटचा एक जुना कारखानासुद्धा आहे, आणि बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे. तरी त्याच जमिनीवरून कोणीही, कोणाला न विचारता, दिवसभर चालू शकतं. इथल्या डोंगरांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

माझी आवडती वाट होप स्टेशनपासून सुरू होते आणि तिथेच संपते. गाडी नसली तरी अडत नाही. मँचेस्टर-शेफील्ड लोकल होपला थांबते. गावाबाहेर पडलं की वाट सरळ शेतांत शिरते. दगडी कुंपणाला चढून उतरायला पायऱ्या असतात, कुठे माणूस जाईल पण मेंढी जाणार नाही असं अरुंद फाटक असतं, आणि प्रत्येक फाट्यावर लाकडी खांबावर पाटी. नियम साधे: फाटक उघडलं तसं लावून घ्यायचं आणि वाट सोडायची नाही. एप्रिल-मेमध्ये कोकरं नुकती जन्मलेली असतात, तेव्हा कुत्रा साखळीतच हवा.

लूझ हिलची चढण दमवणारी आहे, पण अवघड नाही. सह्याद्रीत फिरलेल्यांना इथे कातळटप्पे नाहीत, कारवीची रानं नाहीत, हे थोडं चुकल्यासारखं वाटेल. सावलीही नाही, फक्त गवत आणि वारा. ४७६ मीटरच्या माथ्यावर एक दिशादर्शक तबकडी आहे. ही जागा ‘वॉर्ड्स पीस’ म्हणून ओळखली जाते. जी. एच. बी. वॉर्ड हे शेफील्डचे कामगार चळवळीतले कार्यकर्ते. त्यांनी १९०० साली कामगारांसाठी भटकंतीचा क्लब काढला आणि जमीनदारांनी बंद केलेल्या वाटा खुल्या व्हाव्यात म्हणून आयुष्यभर भांडले. १९४५ मध्ये भटक्यांनी माथ्यावरची ही जमीन त्यांच्या सन्मानार्थ मिळवली आणि वॉर्डनी ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केली.

इथून पश्चिमेला डोंगरधार सुरू होते. डावीकडे होपचं खोरं, चुनखडीचा पांढुरका मुलूख. उजवीकडे एडलचं खोरं आणि त्यापलीकडे किंडर स्काउटचं काळसर पठार. त्या पठाराकडे पाहताना मी दरवेळी थांबते. २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण, बहुतेक मँचेस्टर परिसरातले कामगार, पलीकडच्या हेफील्ड गावाकडून परवानगीशिवाय त्यावर चढले. बड्या मंडळींच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी ते पठार राखून ठेवलेलं होतं. आठवडाभर यंत्रांच्या आवाजात आणि धुरात राबणाऱ्यांना रविवारी उघड्यावर चालायचं होतं, मागणी एवढीच. शिकारीच्या राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन जेमतेम विशीतला. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९४९ साली आला, आणि मोकळ्या माळरानांवर सर्वांना चालण्याचा हक्क देणारा कायदा थेट २००० साली. मी परक्या देशातून आलेली, पण चढताना मला कोणी अडवत नाही, याच्यामागे ती माणसं आहेत.

बॅक टॉरचा उतार पावसात निसरडा होतो, तिथे घाई करू नका. पुढे हॉलिन्स क्रॉसची खिंड लागते. एडलमध्ये चर्च नव्हतं तेव्हा तिथली शवं याच खिंडीतून खांद्यावर अलीकडे आणत. नंतरच्या काळात कॅसलटनचे मजूर हीच खिंड ओलांडून एडलच्या सूतगिरणीत कामाला जात, हिवाळ्यातसुद्धा.

मॅम टॉर ५१७ मीटर. पुरातन काळी माथ्यावर वस्ती होती. तीन हजार वर्षांहून जुन्या झोपड्यांच्या जागा उत्खननात सापडल्या. तिच्या मातीच्या तटबंदीचे उंचवटे आजही पायांखाली कळतात, आणि एका बाजूला तट डोंगरासकट तुटून खाली गेलेला दिसतो. वर वालुकाश्म आणि खाली शेल हा ठिसूळ खडक अशी रचना असल्यामुळे पाणी मुरलं की डोंगर सरकतो. हजारो वर्षं हे चालू आहे.

याच सरकत्या जमिनीवरून एकोणिसाव्या शतकात रस्ता काढला होता. खचला की दुरुस्ती, पुन्हा खचला की पुन्हा दुरुस्ती, आणि १९७९ मध्ये तो वाहनांना कायमचा बंद झाला. आता त्यावरून पायी उतरता येतं. डांबराचे थरावर थर फाटून वर आलेत, मधल्या पांढऱ्या रेषा वाकड्या होऊन हवेत संपतात, एकेक पायरी पुरुषभर खाली गेलेली. दर पावसाळ्यात दरडी पडणारे आपले घाटरस्ते पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटत नाही. वेगळा वाटला तो निर्णय: इथे शेवटी रस्त्याने माघार घेतली आणि डोंगराला त्याच्या वाटेने जाऊ दिलं. मला तो शहाणपणाचा वाटतो.

खाली ओडिन नावाची जुनी शिशाची खाण आहे. खनिज भरडायचं दगडी चाक अजून तिथे उभं आहे. पुढे कॅसलटन. वर नॉर्मन राजवटीतला पेव्हरिल किल्ला, खाली जांभळ्या-पिवळ्या ब्लू जॉन दगडाची दुकानं. तिथे चहा घ्या आणि ओढ्याकाठच्या शेतवाटेने होपला परत या. सगळं मिळून साधारण चौदा-पंधरा किलोमीटर. थांबत थांबत सहा तास धरा. वारा-पाऊस अडवणारं जाकीट आणि घोटा धरणारे बूट हवेतच, उन्हाळ्यातही.

मुलांकडे आलेल्या आई-बाबांना एवढं झेपणार नसेल तर मॅम टॉरच्या पायथ्याच्या खिंडीपर्यंत गाडीने जा. तिथून माथ्यापर्यंत फरसबंद पायऱ्या आहेत, अर्ध्या तासात सावकाश चढता येतं, आणि किंडरचं पठार तिथूनही पूर्ण दिसतं.