मिक्सबद्दल नेमके काय विचारावे

गिटार, बेस आणि बासरी असा साधाच मेळ असलेली, घरीच ध्वनिमुद्रित केलेली माझी रचना काही जाणकारांकडे आणि काही निव्वळ श्रोत्यांकडे ऐकायला दिली होती. आज सगळ्यांचे अभिप्राय समोर ठेवून मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे ट्रॅक एकत्र मिसळून केलेले ध्वनिमुद्रण, पुन्हा ऐकला. ते शब्दशः उतरवून ठेवतो: ‘बासरी मागे बसली आहे’, ‘खालचा भाग गढूळ वाटतो’, ‘ड्रम का नाहीत?’, ‘छान जमले आहे’ आणि माझ्या भाचीचे ‘मधे जरा लक्ष उडाले’. यांतले ‘छान जमले आहे’ बाजूला ठेवले, कारण कौतुकाने मन सुखावते, पण त्यावरून कुठला फेडर (ट्रॅकची पातळी वरखाली करणारी सरकपट्टी) हलवावा हे कळत नाही. बाकीच्यांना जे जाणवले ते खरेच जाणवले, असे धरून चालतो. मात्र ते कशामुळे जाणवले हे शोधण्याचे काम ज्याने मिक्स केला त्याचेच असते आणि तिथे अभिप्रायासोबत आलेला उपाय जसाच्या तसा उचलून भागत नाही.

मला सर्वांत उपयोगी वाटले ते भाचीचे वाक्य, आणि तिचा वाद्यांशी काडीचाही संबंध नाही. गाण्यात श्रोत्याचे लक्ष आपोआप गायकाकडे जाते आणि शब्द त्याला धरून ठेवतात. त्यामुळे गायकाचा आवाज मध्यभागी ठेवून बाकी सगळे त्याच्याभोवती रचायचे, एवढी एक दिशा मिक्स करणाऱ्यालाही आयतीच मिळते. केवळ वाद्यांच्या रचनेत हा आधार नसतो. कोणत्या क्षणी कोणते वाद्य बोलते आहे आणि कोणते नुसती साथ करते आहे, हे फक्त वाजवण्यातून आणि मिक्समधून कळावे लागते. ते कळले नाही, तर जाणकार श्रोता फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे कंपनसंख्येच्या, भाषेत तक्रार करतो आणि सामान्य श्रोत्याचे लक्ष उडते. दोघांच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एकच असते, असे माझे मत आता पक्के होत चालले आहे.

म्हणून भाचीला एवढेच विचारले, की ऐकताना तू कोणत्या वाद्याच्या मागे चालली होतीस आणि ते कुठे सुटले. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले, की सुरुवातीला गिटार, मग ‘बराच वेळ गिटारच’, आणि बासरी वाजते आहे हे तिला बासरीची पहिली ओळ संपता संपता कळले. ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. बासरी तिथे खालच्या सप्तकात, एका लांब आणि हलक्या स्वरावर प्रवेश करते. स्वराच्या आधी थोडा फुंकरीचा आवाज येतो आणि मग स्वर सावकाश उमलतो. नेमक्या त्याच वेळी गिटार वरून खाली येणारी एक चपळ तान घेते. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो आणि तारेवर नख पडल्याचा टणत्कार बराचसा त्याच पट्ट्यात येतो. खालच्या सप्तकातील हलक्या फुंकरीच्या बासरीकडे त्या पट्ट्यात देण्यासारखे फारसे नसते. साहजिकच कान गिटारमागे जातो.

ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणाऱ्या मित्राचा उपाय होता, की बासरीला तीन हजार हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल उचल द्यावी. करून पाहिले. बासरी पुढे आली खरी, पण तिच्याबरोबर फुंकरीची फसफसही आली आणि पुढे बासरी वरच्या सप्तकात गेल्यावर कानाला टोचू लागली. मग इक्यू (आवाजातले ठरावीक पट्टे कमीजास्त करण्याची सोय) जसा होता तसा ठेवून फक्त त्या तानेपुरते गिटारचे ऑटोमेशन (वेळेनुसार आपोआप बदलणारी पातळी) दोन डेसिबलने खाली ओढले आणि तानेतील शेवटचे काही स्वर वगळून गिटार पुन्हा वाजवून घेतली. बासरी आहे त्याच पातळीवर राहूनही स्पष्ट उमटली. मित्राने दाखवलेली जागा अचूक होती, औषध मात्र दुसरे निघाले. स्वतःच वाजवून स्वतःच मिक्स करण्याची ही एक मोठी सोय आहे, की वादकाला पुन्हा बोलवावे लागत नाही.

‘गढूळ’ या शेऱ्याने जास्त वेळ घेतला. या शब्दाचा रोख बहुधा दोनशे ते चारशे हर्ट्झच्या पट्ट्याकडे असतो, तरी तिथे सरसकट कात्री लावली तर गिटारचे अंगच नाहीसे होते. ट्रॅक एकेक करून ऐकले तेव्हा जास्तीचा घुमारा गिटारच्या मूळ ध्वनिमुद्रणातच सापडला. गिटारच्या पेटीतील हवा साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास घुमते, माइक भोकासमोर ठेवला की तो घुमारा थेट त्यात शिरतो, आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) माइक वाद्याच्या अगदी जवळ नेला की खालचे स्वर आणखी फुगतात. माइक गिटारच्या दांडीवरील बाराव्या पडद्याकडे वळवून वीतभर मागे घेतला की इक्यूचे निम्मे काम तिथेच होते. गिटारचे हे विभाग नव्याने ध्वनिमुद्रित करीन. झाले आहे त्यावर प्लगइनचे (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) थर चढवण्यात मला आता गोडी वाटत नाही.

उरलेल्या गढूळपणात खोलीचाही वाटा आहे. ३.४ मीटर लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद सुमारे पन्नास हर्ट्झवर येतो आणि खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला तोच स्वर सर्वांत कमी ऐकू येतो. तिथे बसून बेस ‘पुरेसा’ होईपर्यंत फेडर वर नेला, तर दुसऱ्या कुठल्याही खोलीत तो धबधबतो. भिंतीवर पातळ फोम चिकटवून या स्वरावर काहीही परिणाम होत नाही, कारण त्याची तरंगलांबीच जवळपास सात मीटर असते. त्यापेक्षा खुर्ची फूट-दीड फूट पुढे किंवा मागे सरकवणे बरे. शिवाय रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आपण बारीक आवाजात काम करतो. आवाज जितका बारीक, तितके कानाला खालचे स्वर कमी भासतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवले आहे. म्हणजे रात्रीचा मिक्स दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात ऐकणाऱ्याला बेसने भरलेला वाटणारच. म्हणून यापुढे ‘तुम्ही कशावर आणि किती मोठ्याने ऐकले’ हे मी अभिप्रायासोबत विचारणार आहे, कारण त्याशिवाय बेसबद्दलच्या मताचा अर्थच लावता येत नाही.

मोनोची, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून कसा ऐकू येतो याची, तपासणीही केली. मधल्या भागात गिटारला दोन माइक आहेत आणि त्यांच्या अंतरात सुमारे ३४ सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणजे दुसऱ्या माइकपर्यंत आवाज साधारण एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक समान पातळीवर मोनोत मिसळले की पाचशे हर्ट्झवर खड्डा पडतो (तिथला आवाज जवळजवळ नाहीसा होतो), मग दीड हजारावर, मग अडीच हजारावर. हेडफोनवर डावी-उजवीकडे पसरलेली ही गिटार सुरेख वाटते, पण फोनच्या एकाच स्पीकरवर पोकळ होते. एक ट्रॅक तेवढ्या वेळाने सरकवून पाहिला. थोडा फरक पडला, तरी शेवटी दुसरा माइक बराच खाली घेतला.

सुधारलेला मिक्स जुन्याबरोबर पाठवायचा आहे. दोन्हींची पातळी एक करूनच पाठवायला हवी, नाहीतर जो मिक्स डेसिबलभरही मोठा असेल तोच ‘जास्त भरदार’ ठरतो आणि आपण आवाज वाढवल्याचे श्रेय इक्यूला देऊन मोकळे होतो. यासाठी ध्वनितीव्रता मोजणारा मीटर पुरतो, त्या मोजणीचे बीएस.१७७० हे आंतरराष्ट्रीय मानक २००६ सालापासून आहे आणि त्यावर चालणारे मीटर फुकटही मिळतात. दोन्ही फाइलींना ‘जुना’ आणि ‘नवा’ अशी नावे न देता ‘क’ आणि ‘ख’ अशीच देईन. श्रोत्याला नवा कोणता हे कळले की तो भिडेखातर नव्यालाच कौल देतो.

राहता राहिला ड्रमचा शेरा. तो मनावर घेणार नाही. ड्रम आले तर बासरीच्या हलक्या प्रवेशाला जागाच उरणार नाही आणि रचना मुळात त्या प्रवेशासाठीच बांधली आहे. ज्यांनी तो विचारला त्यांना तसे कळवले. त्यांचे म्हणणे, की मग निदान गिटारची लय तरी अधिक ठाम वाजव. हे मात्र पटले. उद्या बाराव्या पडद्याकडे माइक लावून ते विभाग वाजवताना अंगठ्याचे आघात मेट्रोनोमशी (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राशी) घट्ट बांधून वाजवून पाहतो.