लेन्स कुठली वापरता?

घरांच्या आतले फोटो काढते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "लेन्स कुठली वापरता?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते. बहुतेक वेळा २४ मिलिमीटर, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असतो त्यावर. पण खोलीत शिरल्यावर माझा हात आधी जातो तो दिव्यांच्या बटणांकडे. सगळे दिवे बंद.

घरमालक हमखास दचकतात. फोटो निघणार म्हणून त्यांनी असतील नसतील तेवढे दिवे लावून ठेवलेले असतात! पण केल्विन या उजेडाच्या रंगाच्या मापात पिवळा बल्ब साधारण २७०० चा आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपासचा. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, बल्बला धरून ठेवला तर खिडकीजवळची भिंत निळी पडते, उजेडाला धरून ठेवला तर छताला हळद लागते. एकाच पांढऱ्या भिंतीचे हे दोन रंग नंतर कॉम्प्युटरवर जुळवत बसण्यात मी रात्री घालवल्यात. दिवे मालवले की उजेड एकाच बाजूने येतो, सोफ्याच्या सुरकुत्यांना सावली मिळते आणि खोलीला खोली येते.

उजेड कमी झाला म्हणजे ट्रायपॉड आलाच. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) कमी, १००; लेन्सचं छिद्र जरा लहान, एफ ८; शटर लागेल तितका वेळ उघडं, आणि दोन सेकंदांचा टायमर, कारण बटण दाबल्याचा धक्कासुद्धा फोटोत उतरतो. कॅमेरा छातीच्या उंचीवर किंवा जरा खाली, आणि अगदी लेव्हलमध्ये. थोडा जरी खाली झुकला तरी उभ्या रेषा पायाशी जवळ येतात. सुरुवातीच्या काळात एकांनी माझा फोटो पाहून काळजीने विचारलं होतं, "हे पुस्तकांचं कपाट पडतंय का हो?"

आता लेन्स. १६ मिलिमीटरचा मोह मलाही होतो, सगळी खोली एका झटक्यात मावते. पण कडेची खुर्ची बाकाएवढी पसरते आणि कोपऱ्यातला गोल दिवा अंड्यासारखा दिसतो. त्यापेक्षा मी मागे सरकते, अगदी दाराबाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहते. नाहीच मावलं तर अर्धीच खोली घेते.

खिडकीबाहेरचं दृश्य पांढरंफटक होत असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो काढून ते एकत्र करता येतात. मला त्यापेक्षा तिन्हीसांजेची वाट बघणं आवडतं. बाहेरचा आणि आतला उजेड तेव्हा थोडा वेळ सारखा होतो, आणि त्या वेळी मात्र मी स्वतःच दिवे लावते.

बाथरूमचं विचारू नका. आरशाला चुकवून कॅमेरा लावला होता, सगळ्या रेषा कशा ताठ आल्या होत्या. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर नळाच्या चकचकीत मानेवर ट्रायपॉडसकट मी उभी, कमरेत वाकलेली.