नाना गेले तेव्हा कॅमेरा हातात कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याच्या मावशीने विचारलं, ऑफिसात विचारलं, उठावन्याला, म्हणजे शोकसभेला आलेल्या एका अनोळखी बाईंनीही विचारलं, "बाहेर आजोबांना ठेवलंय आणि तू फोटो काढत होतीस? हात कसा धजला गं?"

धजला.

नानांचा चेहरा मी एकदाही काढला नाही, हे आधी ऐका. काढला असता तरी आमच्या घरात ते नवं नव्हतं. पणजोबांचा तसा फोटो आहे. देह खुर्चीत टेकवून बसवलाय, डोक्यावर पगडी आणि पायाशी हाफ चड्डीतले नाना. तेव्हा स्टुडिओतून माणूस बोलावला, पैसे मोजले, म्हणून ते रीतसर. नातीने काढले की निर्लज्जपणा!

आणि हे वेड लावलं कोणी? नाना बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. नामांकित छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यातच ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि पुढे कॅमेऱ्याकडे वळले, हे आल्यागेल्याला ऐकवायचे. "म्हणजे आमच्याच जातीचा," असं म्हणून स्वतःच हसायचे.

मी काढलं ते भोवतालचं. दाराबाहेरचा चपलांचा ढीग, शेजारून आलेला पिठलं-भाताचा डबा, नानांच्या चष्म्याचं काय करायचं ते न कळून तो पदराला पुसत बसलेली आत्या. आणि अंगणात तिरडी बांधणारे बाबा आणि काका.

रामबागेतल्या घराच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं कधीच बंद झालेलं. तुम्हाला ठाऊक आहे, उगाळत नाही. त्या सकाळी बांबू आले, कामट्या आल्या, सुंभ आला आणि ज्यांना बांधता येतं असे नेमके हेच दोघे निघाले. बाबांनी सुंभाचा वेढा घेतला. गाठ सरकायला लागली.

"दाब अंगठा," बाबा म्हणाले.

"दाबलाय दादा. तू ओढ."

काकांचा अंगठा दाबून पांढरा पडला होता आणि बाबांचं कपाळ जवळजवळ त्यांच्या खांद्याला टेकलं होतं. मी बटण दाबलं. माझा कॅमेरा जुन्या धाटणीचा, आत आरसा आपटतो, तो आवाज बंद करता येत नाही. काकांनी वर पाहिलं. अंगठा काढला. गाठ सुटली.

"झालं का तुझं सुरू?" एवढंच म्हणाले आणि नळाकडे गेले. उरलेल्या गाठी शेजारच्या मुलाने धरल्या. पंचकुइयाच्या स्मशानात दोघे वेगवेगळ्या गाड्यांतून गेले.

मी नसते तर पुढची गाठही दोघांनी मिळून बांधली असती का? कधी वाटतं, हो. कधी वाटतं, छे, ओंकारेश्वरला अस्थी न्यायच्या वेळी भांडलेच ना, तिथे कुठे होता माझा कॅमेरा? मावशीशी वाद घालताना मी हे दुसरं म्हणते. रात्री पहिलं.

एक मात्र कोणी विचारत नाही. तेव्हा आतल्या खोलीत बायका आजीच्या कुंकवावरून कुजबुजत होत्या. पुसायचं की राहू द्यायचं, कोणी पुसायचं. मला तिथे बसायचं नव्हतं. अंगणात फोटो काढायला गेले हे खरं आणि आतून पळाले हेही खरं. आजी मात्र तिथेच बसून होती. याबद्दल विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही.

तो फोटो डिलीट कर, असं काकांनी निरोपात सांगितलंय. काकू म्हणाली, "आधी मला पाठव, ह्यांना सांगू नकोस." आईचं म्हणणं, बाबांना दाखवूच नकोस. मी अजून काहीच केलेलं नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलंय. काका येतील की नाही, कोण जाणे. परवा आत्याने फोनवर विचारलं, "कॅमेरा आणणारेस का?" मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "आणू की नको, ते एकदा सरळ सांग."

"आण की," ती म्हणाली. "माझा एक नीट काढून ठेव, भिंतीवर लावण्याजोगा. आधारकार्डावरचा लावाल नाहीतर."