रिकामा चौकोन पण काढायचा

शनिवार, रात्री

आज टॉल्किनच्या गोष्टीतल्या टूक घराण्याची शाखा वंशावळीच्या चार्टवर एकदाची लागली. म्हातारा जेरॉन्शियस टूक, त्याची बायको ॲडमँटा आणि खाली त्यांची बारा मुलं, नऊ मुलगे आणि तीन मुली. बारा चौकोन एका ओळीत बसवले की मोबाइलवर पान उजवीकडे सरकवत बसायला लागतं, शेवटच्या मुलापर्यंत पोचेस्तोवर वाचणारा बाप कोण तेच विसरतो, म्हणून मी तिन्ही मुलींच्या शाखा खाली वेगळ्या चार्टमध्ये घेतल्या आणि वरून लिंक दिली. बाहेर फोंड्याचा पाऊस, दोनदा लाइट गेली, पण इन्व्हर्टर होता त्यामुळे काम गेलं नाही.

टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटी परिशिष्टात हॉबिटांच्या, म्हणजे गोष्टीतल्या त्या ठेंगण्या लोकांच्या, वंशावळी छापलेल्या आहेत, बॅगिन्स, टूक, ब्रँडीबक आणि सॅमचं घराणं. आमच्या फॅन विकीवर, म्हणजे चाहत्यांनी मिळून लिहिलेल्या ऑनलाइन कोशावर, त्या नीट, क्लिक करता येतील अशा आणि प्रत्येक रेघेला संदर्भ असलेल्या करायच्या हे काम मी अंगावर घेतलंय. कोणी सांगितलं नव्हतं, मलाच ते आवडतं. टेम्प्लेटमध्ये सगळं कीबोर्डवरच्या चिन्हांनी काढायचं असतं, नवरा-बायकोच्या मध्ये टिल्डा मग वाय मग परत टिल्डा, वायमधून खाली मुलांची रेघ, एक उभी दांडी एक घर चुकली की अख्खी पिढी शेजारच्या घरात जाऊन पडते. मला ते करताना खूप शांत वाटतं.

त्या तीन मुली वेगळ्या काढल्या आणि सगळं एकदम स्पष्ट दिसलं. थोरली बेलाडोना, तिचा मुलगा बिल्बो. धाकटी मिराबेला, तिची मुलगी प्रिम्युला आणि प्रिम्युलाचा मुलगा फ्रोडो. म्हणजे बिल्बो आणि प्रिम्युला सख्खी मावसभावंडं, फ्रोडो बिल्बोचा भाचा. पण फ्रोडोचा बाप ड्रोगो परत बॅगिन्सच, ड्रोगोचे आणि बिल्बोचे आजोबा सख्खे भाऊ, त्यामुळे त्या बाजूने तोच मुलगा पुतण्या. दोन्ही बाजू दाखवायच्या तर फ्रोडोचा चौकोन दोन ठिकाणी येतो, आणि विकीवर बऱ्याच जणांना ते खटकतं, एक माणूस एकदाच दिसला पाहिजे म्हणतात. मला नाही पटत. आमच्याकडे कुठल्याही लग्नात जाऊन बसा, दर दुसरा माणूस दोन बाजूंनी नात्यात लागतो आणि दोन्ही बाजूंनी हक्काने जेवायला बोलावतो.

त्याच पुस्तकातल्या ॲरागॉर्न आणि आर्वेनचं तर अजून अवघड आहे. एलरॉस आणि एलरॉन्ड जुळे भाऊ. आर्वेन एलरॉन्डची मुलगी, म्हणजे एकच पायरी खाली, आणि ॲरागॉर्न एलरॉसच्या वंशातला पण कितीतरी पिढ्या खाली, कारण एलरॉसने माणसांचं मरणारं आयुष्य निवडलं आणि एलरॉन्डने न मरणाऱ्या एल्फांचं. त्या दोघांच्या लग्नाची रेघ काढायची म्हणजे पानाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत न्यावी लागते. ते चार्ट मी अजून घेतलेलं नाही, सुट्टीत बसेन.

संध्याकाळी आई चहा घेऊन आली तेव्हा स्क्रीनवर जेरॉन्शियसच्या एका मुलाचा, हिल्डिफॉन्सचा चौकोन होता. विचारलं, "कोणाचं घराणं गं हे?" सांगितलं की गोष्टीतलं आहे, आणि हा मुलगा प्रवासाला गेला तो परत आलाच नाही, आणि सगळ्यात धाकटा इझेंगार, तो तरुणपणी समुद्रावर गेला होता म्हणे, वंशावळीत एवढंच लिहिलंय. आई म्हणाली, "मग आमच्या घरातलंच की." माझ्या आजोबांचा एक भाऊ बोटीवर गेला आणि परत आला नाही. त्याचं नाव घरात सगळ्यांना माहीत आहे पण कुठल्याच कागदावर त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही. टॉल्किनने निदान एक ओळ लिहिली. त्या एका ओळीमुळे हिल्डिफॉन्स मेला, हरवला की कुठे दुसरीकडे संसार थाटून बसला ते उघडं राहिलं, आणि मला चार्टमध्ये ते उघडंच ठेवायचं आहे.

याच्यावरून परवा वाद झाला. टॉल्किनच्याच बुटक्यांच्या राजघराण्यात, ड्युरिनच्या वंशात, थोरिनची बहीण डीस आहे, बुटक्यांच्या त्या सगळ्या इतिहासात नाव असलेली ती एकटीच बाई. तिचे मुलगे फीली आणि कीली, पण त्यांच्या बापाचं नाव कुठेच नाही. एका मेंबरने तिथे कुठल्यातरी फॅनफिक्शनमधलं नाव टाकलं होतं, मी काढलं. मग दुसरा म्हणाला की नाव नाही तर तो चौकोनच कशाला, डीसच्या खाली सरळ रेघ मारून टाकू. मी नाही म्हटलं. नाव काढलं, चौकोन ठेवला, आत 'नाव अज्ञात' लिहिलं. तो माणूस होता ना, दोन मुलांचा बाप होता, पुस्तकाने नाव दिलं नाही म्हणून तो नव्हताच असं चार्टने का सांगायचं. अंदाजाने नाव भरणं जितकं खोटं तितकंच चौकोन पुसणं पण खोटं, मला या बाबतीत तडजोड करायचीच नाही.

आणि अंदाजाने भरलं की काय होतं ते एल्फांचा राजा गिल-गॅलॅड याच्या बाबतीत दिसतंच. 1977 साली टॉल्किनच्या मागे त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, 'सिल्मॅरिलियन' छापलं तेव्हा त्याला फिंगॉनचा मुलगा केलं. पुढे 1996 साली ख्रिस्तोफर टॉल्किनने स्वतःच लिहिलं की वडिलांचा शेवटचा विचार वेगळा होता, त्यात गिल-गॅलॅड ओरोड्रेथचा मुलगा ठरतो, आणि छापताना त्याचा बाप कोण हे सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं. बापाचे सगळे कागद वर्षानुवर्षं चाळलेला माणूस हे मोकळेपणाने लिहितो याचा मला फार आदर वाटतो. आमच्या चार्टवर गिल-गॅलॅडला दोन्हीकडून तुटक रेघ आहे, सलग एकही नाही, आणि खाली दोन्ही संदर्भ.

हे सगळं करता करता मी घरच्यांची पण वंशावळ लिहायला घेतलीय. देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांच्या, यादीत आणि गांवकारीच्या (गोव्यातल्या जुन्या गावसंस्थेच्या) वांगडात, म्हणजे घराण्यांच्या गटात, आमच्या बाजूची नावं मिळतात, पण ती बाप-मुलगा-नातू अशी सरळ खाली येतात, मुली नाहीत, सुना नाहीत. बाईचं तर लग्नात नावच बदलायचं, त्यामुळे माहेरच्या कागदावर एक बाई आणि सासरच्या कागदावर दुसरी, दोन्ही एकच हे सांगणारं माणूस गेलं की संपलं. त्या मानाने पोर्तुगीज काळातला जन्माचा दाखला बरा, त्यात आईबापांबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबा पण लिहायचे. आईच्या आईचा दाखला मिळाला तेव्हा एका कागदावर तिच्या दोन्ही आज्यांची नावं होती, जी घरात कोणालाच आठवत नव्हती. मी ती मोठ्याने वाचली, आईने परत वाचायला लावली.

पूर्वजांना नंबर द्यायला मी आह्नेनटाफेलची जुनी पद्धत वापरते, 1590 साली छापलेली आहे ती. आपण 1, वडील 2, आई 3, कोणाचाही नंबर दुप्पट केला की त्याचे वडील आणि दुप्पट अधिक एक केलं की आई. म्हणजे माझी आजी, आईची आई, 7, तिची आई 15, आणि त्या दोन आज्या 29 आणि 31. मला ही पद्धत एवढी आवडते कारण नाव मिळो न मिळो, नंबर राखून ठेवलेला असतो. 31 च्या आईचा नंबर 63. तिचं नाव माहीत नाही, पण वहीत 63 ची ओळ आहे, समोर जागा सोडलीय.

उद्या बोल्जर आणि बॉफिन ही हॉबिट घराणी घ्यायची. त्या दोन वंशावळी सुरुवातीच्या छापील आवृत्त्यांत नव्हत्या, 2004 च्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत घातल्या, त्यामुळे संदर्भ द्यायला तीच आवृत्ती लागेल. मैत्रिणीकडे आहे, मडगावहून येताना घेऊन ये म्हणून मेसेज टाकलाय. टूकांची मधली मुलगी डॉनामिरा बॉफिनांच्यात दिलेली, तिचा चौकोन मी तयार करून ठेवलाय.