करंगळी सोडून

रात्री दोन-अडीचला जाग यायची ती हातामुळे. उजवा हात इतका बधिर, की दुसऱ्याच कुणाचा अंगावर पडलाय असं वाटावं. उठून बसायचं, ओला हात झटकतात तसा झटकायचा, मग दहा मिनिटांनी मुंग्या कमी. सासूबाई म्हणाल्या, "हात अंगाखाली घेऊन झोपत असशील." मलाही ते पटलं होतं.

मी चाकणला गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं टेपिंगला आहे. बोर्डवर वायरींचा जुडगा मांडलेला असतो, त्याच्याभोवती टेप गुंडाळत जायचं. टेप सैल पडली की क्वालिटीवाले माल परत पाठवतात. म्हणून अंगठा आणि दोन बोटांची चिमूट घट्ट, मनगट वाकडं, आणि आठ तास गोल गोल. त्यात बोर्ड उंच माणसाच्या मापाचा. मी पाच फुटांनाही एक इंच कमी.

बाम, तेल, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या यांत चार महिने गेले. मग एका सकाळी लेकीच्या गणवेशाची बटणं लागेनात, तेव्हा ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यात गेले. दोन वेळा मलम मिळालं. तिसऱ्या खेपेला नवीन डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "करंगळीला येतात का मुंग्या?"

करंगळी! ती तर कधीच बधिर होत नव्हती. इतक्या रात्री हात झटकला, पण हे लक्षातच आलं नव्हतं.

त्यांनी दोन्ही तळहातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं खाली सोडून मिनिटभर बसायला सांगितलं. मिनिट पुरं व्हायच्या आत अंगठा झिणझिणायला लागला. मनगटात हाडं आणि वरचा जाड पट्टा यांच्यामध्ये बोगदा असतो. त्यातून एक नस आणि बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात. दोऱ्यांची आवरणं सुजली की नस दबते. करंगळीची नस त्या बोगद्यातून जात नाही. या दुखण्याला कार्पल टनेल म्हणतात. थायरॉइड आणि साखरेमुळेही हे होतं, म्हणून रक्त तपासलं. दोन्ही ठीक निघालं. नसेच्या तपासणीला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. हाताला विजेचे बारीक झटके देऊन नस किती वेगाने संदेश नेते ते बघतात. दुखण्यापेक्षा दचकायलाच जास्त होतं.

खरी दमछाक रजेची झाली. पगारातून ईएसआयचे दरमहा ०.७५ टक्के कापले जातात, ते कशासाठी हे तेव्हा कळलं. सहा महिन्यांच्या काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस बिनपैशाचे. माझ्या ईएसआयच्या कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, त्यात महिना गेला. कामामुळे झालेली इजा म्हणून मान्य झालं असतं, तर ९० टक्के मिळाले असते. कंपनीच्या ऑफिसात तो विषय काढला, तर साहेब म्हणाले, "घरी पोळ्या लाटताच ना, ताई?"

लाटते की. रोज पंचवीस. पंचवीस पोळ्यांनी नस दबत असती, तर अख्ख्या गावातल्या बायका रात्री हात झटकत बसल्या असत्या.

तीन आठवडे घरी होते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि फिजिओच्या ताईंनी शिकवलेले व्यायाम यांनी झोप परत आली. पण कामावर रुजू झाले आणि आठच दिवसांत मुंग्या पुन्हा हजर. मग मनगट वाकवून सलग करायचं काम देऊ नये, अशी डॉक्टरांची चिठ्ठी लाइन लीडरला दिली. तो कुरकुरला, पण त्याने दोन तास टेपिंग आणि दोन तास चेकिंग असं लावून दिलं. पायाखाली घ्यायला पॅकिंगच्या लाकडाचा एक पाटही ठोकून दिला. बोर्ड कोपराच्या उंचीला आला आणि मनगट आपोआप सरळ राहायला लागलं. टार्गेट मात्र तेवढंच.

पाटावर मी खडूने नाव लिहून ठेवते. तरी रोज सकाळी तो भलत्याच बोर्डखाली सापडतो. सेकंड शिफ्टच्या दोघी-तिघी आळीपाळीने वापरतात म्हणे.